जुन्या चित्रपटातली 'ती' ओळखीची धून नेमकी कुणाची? आणि ती शोधायची कशी?

पडद्यावर काळोख. चंद्राच्या मागून पृथ्वी वर येते, तिच्या मागून सूर्य. ट्रम्पेट तीन चढते सूर लावतात, मग सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो आणि ढोल घुमू लागतात. स्टॅनली क्युब्रिक यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटाची ही सुरुवात. चित्रपट न पाहिलेल्यांनाही ही धून पाठ असते, कारण जाहिराती, कार्टून आणि मीम्समधून ती हजारदा कानावर पडलेली असते.

अशी क्लिप कुणी शेअर केली की खाली हमखास प्रश्न येतो, "हे म्युझिक कुठलं आहे?" आणि हमखास उत्तर येतं, "स्पेस ओडिसीचं." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. ही धून त्या चित्रपटासाठी बनलीच नव्हती. जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउस यांनी १८९६ साली लिहिलेल्या 'आल्झो श्प्राख झाराथुस्ट्रा' या रचनेची ती सुरुवात आहे. म्हणजे धून चित्रपटापेक्षा ७२ वर्षांनी जुनी.

जुने चित्रपट पाहताना "हे कुठेतरी ऐकलंय" असं का वाटतं, मूळ धून शोधायची कशी आणि शोधताना कुठे फसगत होते, ते समजून घेऊ.

धून ओळखीची का वाटते?

याची साधारण चार कारणं असतात.

पहिलं कारण, चित्रपटाने आधीपासून असलेली रचना उचललेली असते. 'स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थ या संगीतकाराने स्वतंत्र पार्श्वसंगीत लिहिलं होतं. क्युब्रिक यांनी ते बाजूला ठेवलं आणि संकलन करताना लावलेल्या जुन्या रचनाच कायम केल्या. अंतराळयान तरंगताना ऐकू येणारं 'ब्लू डॅन्यूब' हे योहान स्ट्राउस (धाकटे) यांचं वॉल्ट्झ आहे, १८६७ सालचं. दोन्ही स्ट्राउसचं एकमेकांशी काही नातं नाही. दोघांचं एकच आडनाव असल्यामुळे कमेंटमध्ये बऱ्याचदा गोंधळ उडतो.

दुसरं कारण, धून चित्रपटासाठीच लिहिलेली असते, पण नंतर ती इतक्या ठिकाणी वापरली जाते की मूळ विसरलं जातं. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी किंचाळणारी व्हायोलिन बर्नार्ड हरमन यांची. त्या चित्रपटाचं सगळं पार्श्वसंगीत त्यांनी फक्त तंतुवाद्यांवर उभं केलं. त्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉक यांचं आधी मत होतं. हरमन यांनी ते ऐकवल्यावर त्यांनी मत बदललं. आज विनोदी रीलमध्ये कुणी लाटणं उगारलं तरी तेच सूर वाजतात.

तिसरं कारण, संगीतकाराने नव्या संगीतात जुन्या धुनेचा तुकडा मुद्दाम गुंफलेला असतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'डिएस इरे' हे ख्रिस्ती धर्मातलं मध्ययुगीन मृत्यूस्तोत्र. हार्मोनियमवर वाजवून पाहा: ग रे ग सा, रे नि सा सा. यातले ग आणि नि कोमल, आणि नि मंद्र सप्तकातला. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३० साली ही धून आपल्या 'सिम्फनी फँटास्टिक'मध्ये घेतली. बर्गमन यांच्या 'द सेव्हन्थ सील' (१९५७) मध्ये स्वतःला फटके मारत जाणाऱ्यांच्या मिरवणुकीत तीच ऐकू येते. 'द शायनिंग' (१९८०) मध्ये डोंगरातल्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारीवर वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी तीच सिंथेसायझरवर वाजवली. हे स्तोत्र ऐकणाऱ्याला माहीत नसलं तरी काहीतरी वाईट घडणार, हे त्याला जाणवतं.

चौथं कारण, संगीत तयार साठ्यातून घेतलेलं असतं. कमी पैशांत बनणारे चित्रपट 'स्टॉक म्युझिक' विकत घेत. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) हा गाजलेला भयपट असाच तयार संगीतावर उभा आहे. असा एकच तुकडा दोन-चार वेगवेगळ्या चित्रपटांत सापडला तर ती चोरी नसते. सगळ्यांनी एकाच दुकानातून माल घेतलेला असतो.

ही सवय मूकपटांपासूनची

पाठलाग म्हटलं की 'विल्यम टेल'चा घोडदौडीचा तुकडा आणि लग्न म्हटलं की वाग्नर यांचं वधूगीत हे समीकरण कुणी ठरवलं? बऱ्याच अंशी मूकपटांच्या काळातल्या वादकांनी.

मूकपट चालू असताना थिएटरमध्ये पियानो, ऑर्गन किंवा छोटा वाद्यवृंद वाजे. रोज नवा चित्रपट, मग रोज नवं संगीत कुठून आणणार? म्हणून प्रसंगांनुसार तयार तुकड्यांची पुस्तकं निघाली. अर्नो रापे यांचं १९२४ सालचं 'मोशन पिक्चर मूड्स' हे त्यातलं प्रसिद्ध पुस्तक. वादळ, प्रेम, भांडण, रेल्वे अशा विषयांप्रमाणे त्यात तुकडे लावलेले होते. वादकाने प्रसंग पाहायचा, पान उघडायचं आणि वाजवायचं. प्रेक्षकांच्या कानात काही रचना अशा कायमच्या बसल्या आणि बोलपट आल्यावरही त्या टिकल्या.

म्हणूनच वाग्नर यांची 'राइड ऑफ द वाल्किरीज' ही एकच रचना 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) या मूकपटाच्या संगीतात आहे, फेलिनी यांच्या '८½' (१९६३) मध्ये आहे, बग्ज बनीच्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (१९५७) या कार्टूनमध्ये आहे आणि 'अपॉकलिप्स नाऊ' (१९७९) मधल्या हेलिकॉप्टर हल्ल्यातही आहे. बहुतेकांना मात्र ती 'हेलिकॉप्टरवालं म्युझिक' म्हणूनच माहीत असते.

हमखास विचारल्या जाणाऱ्या काही धुना

- 'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५): रखमानिनॉव्ह यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो. चित्रपटात पियानो आयलीन जॉइस यांनी वाजवला आहे.
- 'द कॅट कॉन्चेर्टो' (१९४७), म्हणजे टॉम पियानोवर आणि जेरी पियानोच्या आत: लिस्ट यांची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी. या लघुपटाला ऑस्कर मिळालं होतं.
- 'डेथ इन व्हेनिस' (१९७१): मालर यांच्या पाचव्या सिम्फनीतला 'आडाजिएटो' हा भाग.
- 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३): माइक ओल्डफिल्ड यांच्या 'ट्यूब्युलर बेल्स' या अल्बमची सुरुवात. ती या भयपटासाठी लिहिलेली नव्हती.
- 'द स्टिंग' (१९७३): स्कॉट जॉप्लिन यांच्या रॅगटाइम रचना, मार्व्हिन हॅम्लिश यांनी चित्रपटासाठी बसवलेल्या.
- 'बॅरी लिंडन' (१९७५): हँडेल यांची 'साराबांड'.
- 'रेजिंग बुल' (१९८०): मास्कान्यी यांच्या 'काव्हालेरिया रुस्तिकाना' या ऑपेरातला मध्यंतराचा तुकडा.
- 'प्लॅटून' (१९८६): सॅम्युएल बार्बर यांचं 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज'. हीच रचना 'द एलिफंट मॅन' (१९८०) मध्येही आहे.

हिंदी चित्रपटांत काय घडलं?

आर. के. फिल्म्सच्या बोधचिन्हात एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर नायिका असं चित्र आहे. ते 'बरसात' (१९४९) मधलं. त्या चित्रपटात नायक व्हायोलिनवर जी उदास धून वाजवतो, ती अनेकांना राज कपूर यांचीच खूण वाटते. ती आहे 'वेव्हज ऑफ द डॅन्यूब', रोमानियन संगीतकार योसिफ इव्हानोविची यांनी १८८० साली लिहिलेलं वॉल्ट्झ. हीच चाल 'द जोल्सन स्टोरी' (१९४६) या हॉलिवूडपटात शब्द घालून वापरली गेली होती. नावात डॅन्यूब असल्यामुळे स्ट्राउसच्या 'ब्लू डॅन्यूब'शी तिची गल्लत होते, पण दोन्ही रचना पूर्णपणे वेगळ्या आहेत.

ही ओळख उलट्या दिशेनेही पटते. मोझार्ट यांची १७८८ सालची चाळिसावी सिम्फनी पहिल्यांदा ऐकणारा मराठी श्रोता बऱ्याचदा दचकतो. कारण 'छाया' (१९६१) मधलं तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं द्वंद्वगीत सलील चौधरी यांनी त्याच सुरावटीवर बांधलं होतं.

पाश्चात्त्य संगीत मुंबईच्या स्टुडिओत इतकं सहज कसं आलं, याचं उत्तर गोव्यात सापडतं. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या वाद्यवृंदांचा कणा होते. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सॅबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलं मोठं नाव. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या प्रसिद्ध गाण्यातून त्यांनी गुरूचं नाव घरोघरी पोहोचवलं. पण त्या काळच्या बहुतेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांना जागाच नव्हती. त्यामुळे हिंदी चित्रपटातला एखादा तुकडा कुणी लिहिला आणि कुणी वाजवला, हे शोधणं हॉलिवूडपेक्षा अवघड जातं.

'शोले' (१९७५) मध्ये जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो आणि राधा दिवे मालवते, ते सूर कोट्यवधी लोकांना पाठ आहेत. संगीत राहुल देव बर्मन यांचं, हे सगळे सांगतात. प्रत्यक्ष माउथ ऑर्गन वाजवला भानू गुप्ता यांनी, हे फार थोड्यांना माहीत असतं. 'पाकीजा' (१९७२) ची गाणी गुलाम मोहम्मद यांची, पण ते १९६८ मध्ये गेले आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं. म्हणजे हिंदीत 'संगीतकार कोण' आणि 'पार्श्वसंगीत कुणाचं' हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

एक गोष्ट मात्र हिंदीत शोधायला सोपी असते. काही धुना कथेतल्या वस्तूतूनच येतात. 'हम दोनो' (१९६१) मधला सूर काढणारा लायटर आठवा. जयदेव यांनी त्याची छोटीशी धून गाण्यातही गुंफली आणि पार्श्वसंगीतातही. सर्जिओ लिओनी यांच्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) मधलं वाजणारं खिशातलं घड्याळ हे त्याच जातीचं. अशी धून बहुतेकदा त्या चित्रपटासाठीच बनवलेली असते.

गाजलेल्या गफलती

'ओ फॉर्चुना' म्हणजे 'द ओमेन'चं संगीत: नाही. 'ओ फॉर्चुना' हे कार्ल ऑर्फ यांच्या 'कार्मिना बुराना' (पहिला प्रयोग १९३७) मधलं समूहगान. चित्रपटांत ते 'एक्सकॅलिबर' (१९८१) मुळे गाजलं. 'द ओमेन' (१९७६) मधलं लॅटिन समूहगान 'आव्हे सतानी' हे जेरी गोल्डस्मिथ यांचं, आणि त्या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. दोन्हीकडे लॅटिन शब्द आणि दणदणीत कोरस असल्यामुळे हा घोळ होतो.

डार्थ व्हेडरची धून पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये आहे: नाही. जॉन विल्यम्स यांचा 'इम्पीरियल मार्च' १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये पहिल्यांदा आला. १९७७ च्या चित्रपटात तो नाही.

'अल्बिनोनीचं अडाजिओ' अठराव्या शतकातलं आहे: नाही. 'गॅलिपोली' (१९८१) सारख्या चित्रपटांत ऐकू येणारी ही रचना इटालियन अभ्यासक रेमो जाझोट्टो यांनी १९५८ साली प्रकाशित केली. ती प्रत्यक्षात त्यांचीच मानली जाते. नावावर जाऊन 'जुनी आहे, फुकट वापरा' असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आता शोधायची कशी?

१. वेळ आणि प्रसंग टिपून ठेवा. चित्रपटाचं नाव, साल आणि धून कितव्या मिनिटाला येते ते लिहा. रिमेक किंवा नव्या आवृत्तीत संगीत बदललेलं असू शकतं.

२. श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा. आधीपासून असलेल्या रचनांची नावं बहुधा अगदी शेवटी, बारीक अक्षरांत येतात. तिथे रचना, संगीतकार आणि कधीकधी वाद्यवृंदही दिलेला असतो.

३. ॲपला ऐकवा, पण त्याची मर्यादा ओळखा. शाझमसारखं ॲप आवाजातले ठळक बिंदू, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या जोरात होती ते टिपतं. त्या बिंदूंच्या जोड्यांचा एक 'ठसा' बनवून तो साठ्यातल्या ठशांशी जुळवतं. म्हणून मागे थोडे संवाद किंवा गोंगाट असला तरी ते चालतं. पण ते ओळखतं ध्वनिमुद्रण. तीच सिम्फनी दुसऱ्या वाद्यवृंदाने वाजवली तर ठसा बदलतो.

वेग बदलला तरीही अडचण येते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. भारतातल्या जुन्या टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे त्या पद्धतीसाठी केलेल्या अनेक प्रतींमध्ये चित्रपट सुमारे ४ टक्के वेगाने धावतो आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडे कमी चढतात. कॉपीराइटची पकड चुकवण्यासाठी काही जण क्लिपचा वेग मुद्दाम बदलतात. अशा वेळी व्हिडिओचा वेग थोडा कमी-जास्त करून पुन्हा ऐकवून पाहा.

४. गुणगुणा. गुगलच्या ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून शोधण्याची सोय आहे. इथे ध्वनिमुद्रणाऐवजी चालीचा चढउतार तपासला जातो. दहा-पंधरा सेकंद, शब्दांशिवाय आणि एका लयीत गुणगुणलं तर उपयोग होतो.

५. चढउतार लिहून शोधा. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली एक सोपी युक्ती मांडली. धुनेतला प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच लिहायचं. बेथोव्हेन यांच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात अशी लिहिता येते: पहिला सूर, तोच, तोच, खाली, वर, तोच, तोच, खाली. 'म्युझिपीडिया' या संकेतस्थळावर अशा सांकेतिक खुणांवरून धून शोधता येते. स्वरज्ञान नसलेल्यालाही हे जमतं.

६. सापडलं तरी पडताळा. मूळ रचना निदान एकदा ऐका आणि चित्रपटातल्या प्रसंगाशी जुळवा. दीर्घ रचना असेल तर नेमका भाग कोणता, तेही बघा. 'मालरची पाचवी सिम्फनी' एवढंच सांगितलं तर विचारणारा तासाहून जास्त वेळ शोधत बसेल. 'चौथा भाग, आडाजिएटो' असं सांगितलं तर त्याला लगेच सापडेल.

धून मिळाली, पण ध्वनिमुद्रण?

इथे पुन्हा 'स्पेस ओडिसी'कडे यावं लागतं. चित्रपटात वाजणारं 'झाराथुस्ट्रा' हर्बर्ट फोन कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचं. पण ध्वनिमुद्रण देणाऱ्या डेका कंपनीने नाव न छापण्याची अट घातली, म्हणून श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख नाही. बाजारात आलेल्या साउंडट्रॅकवर तर कार्ल ब्योम आणि बर्लिन फिलहार्मोनिकचं वेगळंच ध्वनिमुद्रण होतं. साउंडट्रॅकची तबकडी विकत घेणाऱ्याला चित्रपटात ऐकलेलं वादन मिळालंच नाही.

रील बनवणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. भारतीय कायद्यानुसार रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो आणि ध्वनिमुद्रणावरचा ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. अनेक देशांत रचनेसाठी ही मुदत ७० वर्षांची आहे. मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या रचना केव्हाच मुक्त झाल्या. बार्बर १९८१ मध्ये, ऑर्फ १९८२ मध्ये आणि जाझोट्टो १९९८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांवर अजून हक्क आहेत. मोझार्टची रचना मुक्त असली तरी गेल्या काही वर्षांत एखाद्या वाद्यवृंदाने केलेलं तिचं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. ते लावलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. तीच धून स्वतः पियानोवर किंवा बासरीवर वाजवून टाकली तर ती तुमची. तरीही यंत्रणेने चुकून दावा लावलाच, तर रचना मुक्त असल्याचं सांगून हरकत घेता येते.

कमेंटमध्ये उत्तर देताना

पुढच्या वेळी कुणी "हे म्युझिक कुठलं?" असं विचारलं तर चार गोष्टी द्या: रचनेचं नाव, संगीतकार, साल आणि शक्य असेल तर वादक किंवा वाद्यवृंद. उदाहरणार्थ: "'आल्झो श्प्राख झाराथुस्ट्रा', रिचर्ड स्ट्राउस, १८९६. चित्रपटात कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक." किंवा: "'शोले'चं पार्श्वसंगीत, राहुल देव बर्मन, १९७५. माउथ ऑर्गन भानू गुप्ता."

एवढ्या एका ओळीने विचारणाऱ्याला पूर्ण रचना सापडते आणि पडद्यावर ज्याचं नाव कधी आलंच नाही, त्या वादकाचं नावही चार लोकांपर्यंत पोहोचतं.